हेड बदलल्यावर कूलंट नेमकं कुठे जातं?

इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं धातूचं झाकण, बदलून, ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं नवं गॅस्केट टाकून गाडी गॅरेजबाहेर काढली आणि चार दिवसांत टाकीतलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, खाली गेलं, की पहिला संशय हेड गॅस्केटवर येतो. कधीकधी तो खराही असतो. पण हेडच्या कामात गॅस्केटखेरीज बरेच जोड सुटलेले असतात: रेडिएटरचे होज, थर्मोस्टॅटचं हाउसिंग, हीटरकडे जाणारे पाइप, इंजिनाच्या मागच्या बाजूच्या लोखंडी पाइपची ओ-रिंग (रबरी कडं), काही इंजिनांत हवा आत नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केटही. यातला कुठलाही जोड गळू शकतो आणि तो दुरुस्त करायला हेड उतरवावं लागत नाही. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा.

मुळात गळती आहे का, हे आधी ठरवा. सिस्टिम रिकामी करून भरली की हेडच्या कोपऱ्यांत आणि हीटरच्या कोअरमध्ये (केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरमध्ये) हवा अडकते. ती पुढच्या काही गरम-थंड फेऱ्यांत बाहेर पडते आणि तिच्या जागी टाकीतलं कूलंट आत जातं. पातळी एकदोनदा उतरून मग स्थिर राहिली, तर ती हवाच होती. शिवाय निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकोल असलेलं मिश्रण २० अंशांवरून ९० अंशांवर गेलं की सुमारे चार टक्के फुगतं. सहा लिटरच्या सिस्टिममध्ये हा फरक पाव लिटरच्या आसपास भरतो. काल गरम असताना पाहिलेली पातळी आज थंड इंजिनावरच्या पातळीशी ताडून पाहण्यात म्हणूनच अर्थ नाही. रोज सकाळी, गाडी सपाट जागी असताना टाकीवर खूण करा. भरताना गाडीचं तोंड थोडं उंच ठेवा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि हवा काढायचा स्क्रू असेल तर त्यातून बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत तो बंद करू नका.

काम करताना सांडलेलं कूलंटही फसवतं. ते ब्लॉकच्या खाचांत साचतं आणि इंजिन तापलं की तिथून ठिबकतं. सायलेन्सरमध्ये उतरलेलं कूलंट पहिल्यांदा गाडी चालू केल्यावर पांढऱ्या वाफेच्या रूपात बाहेर येतं. इंजिन धुऊन, हवेच्या झोताने कोरडं करूनच शोध सुरू करा. पूर्ण तापलेल्या गाडीतून वीस-पंचवीस मिनिटांनंतरही गोडसर वासाची वाफ येत राहिली, तरच तिला लक्षण माना.

पुढची पायरी प्रेशर टेस्टची. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरच्या किंवा टाकीच्या झाकणाच्या जागी हातपंप बसवायचा आणि झाकणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्यायचा. बहुतेक गाड्यांत तो ०.९ ते १.१ बार असतो. त्याहून जास्त दाब दिला तर धडधाकट रेडिएटरही फुटू शकतो. काटा पंधरा-वीस मिनिटं जागचा हलला नाही, तर थंड अवस्थेत सिस्टिम बंदिस्त आहे. काटा उतरला तर टॉर्च आणि आरसा घेऊन शोधा. वॉटर पंपाच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. तिथे ओल दिसली तर पंपाचं सील गेलंय. ब्लॉकच्या बाजूला ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या वाट्या, म्हणजे वेल्च प्लग, गंजून पाझरतात. पुढच्या सीटखालचा गालिचा ओला असेल किंवा काच आतून चिकट धुक्याने भरत असेल तर हीटरची कोअर तपासा. झाकणाची स्प्रिंगही वेगळी तपासायला हवी. एक बार दाबाखाली साधं पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाने दाबच धरला नाही तर १०० अंशांजवळ उकळायला लागतं आणि कूलंट ओव्हरफ्लोतून निघून जातं. तेव्हा गळतीचा डाग कुठेच सापडत नाही.

काही गळती फक्त इंजिन थंड असताना दिसतात, काही फक्त तापल्यावर, आणि याचं कारण धातूंच्या प्रसरणात आहे. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. ४०० मिलिमीटर लांबीचं अ‍ॅल्युमिनियमचं हेड ७० अंशांनी तापलं की सुमारे ०.६ मिलिमीटर वाढतं, तर त्याखालचा बिडाचा ब्लॉक ०.३ मिलिमीटर. मधलं गॅस्केट प्रत्येक फेरीत हे घासणं सोसतं. म्हणून थंड इंजिनावर दाब टिकला तरी तेवढ्याने हेड निर्दोष ठरत नाही. इंजिन तापवून, थोडं निवू देऊन, झाकण सावकाश उघडून पुन्हा दाब द्या. उकळत्या सिस्टिमचं झाकण कधीही उघडू नका. दाब सुटताच कूलंटची वाफ होऊन ते थेट तोंडावर उसळतं.

बाहेर काहीच सापडलं नाही तर कूलंट आत जातंय. आत जायच्या मुख्य वाटा दोन: सिलिंडर किंवा ऑइल.

सिलिंडरची वाट बहुधा दोन्ही दिशांनी चालते. ज्वलनाच्या क्षणी पेट्रोल इंजिनात ५० बारहून जास्त दाब असतो, त्यामुळे फटीतून वायू कूलंटमध्ये घुसतो. थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर कारण हेच. तेवढ्या वेळात कूलंट तापून दाब चढणं शक्य नसतं. इंजिन बंद झालं की प्रवाह उलटतो आणि उरलेल्या दाबाने कूलंट सिलिंडरमध्ये झिरपतं. सकाळी एक सिलिंडर अडखळतं ते यामुळे. त्या सिलिंडरचा प्लग आणि पिस्टनचा माथा बाकीच्यांपेक्षा स्वच्छ, वाफेने धुतल्यासारखा दिसतो. स्टार्टर मारताच इंजिन अडलं तर पुन्हा मारू नका. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी सगळे प्लग काढा आणि मगच इंजिन फिरवा.

खात्री करण्यासाठी निळ्या द्रवाची तपासणी स्वस्त आणि चांगली. द्रवात ब्रोमोथायमॉल ब्लू असतं. रेडिएटरमधली हवा त्यातून ओढली आणि तिच्यात ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असला, की आम्लता वाढून रंग हिरवा आणि मग पिवळा होतो. कूलंटची पातळी आधी थोडी कमी करा, कारण नळीत कूलंट शिरलं तर निकाल बिघडतो. डिझेल इंजिनात जास्तीची हवा खूप असल्याने मोकळ्या चालीत रंग फारसा बदलत नाही. तिथे गाडी भाराखाली चालवून मग तपासावं. कुठलं सिलिंडर ते शोधायला पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून सहा-सात बार हवा सोडा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले की तेच सिलिंडर. हवेच्या जोराने क्रँक फिरू शकतो, तेव्हा हात पंख्यापासून आणि बेल्टपासून दूर ठेवा. नव्या डिझेलमध्ये इजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा भाग) फुटला तरी कूलंट गुपचूप संपतं आणि पांढरी वाफ येते. हेडला हात लावण्याआधी तो सोडवून वेगळा तपासा.

ऑइलच्या बाबतीत झाकणाखालचा दुधाळ थर एकट्याने पुरावा होत नाही. रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणानेही जमतो. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, ड्रेन बोल्ट हळूहळू सैल करा. कूलंट ऑइलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसतं आणि आधी तेच येतं. याउलट, ऑइलमध्ये कूलंट नाही पण टाकीत तेलकट थर आहे, असं दिसलं तर ऑइल कूलरवर संशय घ्या. चालत्या इंजिनात ऑइलचा दाब कूलंटपेक्षा जास्त असतो, म्हणून तिथे ऑइलच कूलंटमध्ये ढकललं जातं. ट्रॅक्टरच्या वेट लायनर इंजिनात (ज्यात सिलिंडरची सुटी नळी, म्हणजे लायनर, थेट कूलंटमध्ये असते) चेंबरमधलं पाणी अनेकदा लायनरच्या खालच्या ओ-रिंगमधून येतं, आणि तेव्हा हेड कितीदाही बदललं तरी ते थांबत नाही. चेंबर उतरवा, सिस्टिमला दाब द्या आणि खालून पाहा. थेंब लायनरच्या बाहेरच्या कडेने येतोय की सिलिंडरच्या आतून, हे डोळ्यांना दिसतं.

हेड खरोखरच पुन्हा उतरवावं लागलं, तर पहिल्या वेळी काय चुकलं ते शोधल्याशिवाय तिसरं गॅस्केट टाकू नका. सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन हेड आणि ब्लॉक दोन्ही सपाट आहेत का ते तपासा. ब्लॉकचा पृष्ठभाग तपासायचा बहुतेकदा राहून जातो. आडव्या दिशेने ०.०५ आणि लांबीत ०.१ मिलिमीटर ही अनेक इंजिनांची मर्यादा असते, तरी आपल्या इंजिनाचं मॅन्युअल पाहावंच. अनेक थरांच्या पोलादी गॅस्केटला जवळपास आरशासारखा गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. ग्राइंडरला लावलेल्या खरखरीत चकतीने अ‍ॅल्युमिनियमवर खळगे पडतात आणि तिची धूळ बेअरिंग खाते. पान्यातल्या टॉर्कचा (पिळण्याच्या जोराचा) ८५ ते ९० टक्के भाग घर्षणातच जातो, त्यामुळे गंजलेल्या आट्यांत पाना टिक वाजवतो पण हेड दाबलं गेलेलं नसतं. ब्लॉकच्या बंद भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट त्यावरच अडतो आणि ब्लॉकला तडाही जातो. काही इंजिनांत मात्र ही भोकं थेट पाण्याच्या पोकळीत उघडतात. १९५५ साली आलेलं शेव्हरोलेचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. तिथे आट्यांना सीलंट लावलं नाही, तर नव्या गॅस्केटनंतरही बोल्टच्या डोक्याखालून कूलंट पाझरतं आणि गळती गॅस्केटचीच वाटते. अंशांत फिरवून ताणायचे बोल्ट एकदा ताणले की पुन्हा वापरू नयेत. आणि कूलंट ऑइलमध्ये मिसळलं असेल, तर दुरुस्तीनंतर ऑइल आणि फिल्टर लगेच बदला, इंजिन थोडं चालवा आणि तेही ऑइल काढून टाका, कारण उरलेलं ग्लायकोल बेअरिंगवरची ऑइलची फिल्म तोडतं.