दोन मेणबत्त्या आणि निन्टेंडो

टीव्हीसमोर वीतभर अंतरावर दोन मेणबत्त्या लावा. मग निन्टेंडो या जपानी कंपनीच्या २००६ सालच्या ‘वी’ या व्हिडिओ गेम कन्सोलचा रिमोट हातात घेऊन पडद्याकडे रोखा. पडद्यावरचा निर्देशक हलू लागतो. वीसोबत मिळणारी ‘सेन्सर बार’ नावाची पट्टी जोडलेली नसली तरी चालतं.

गंमत अशी की त्या सेन्सर बारमध्ये सेन्सर नाहीतच. तिच्या दोन टोकांना अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा प्रकाश देणारे मोजके एलईडी आहेत, बस्स. बघायचं काम रिमोट करतो. त्याच्या टोकाशी एक इवलासा कॅमेरा असतो आणि त्याच्यापुढे अवरक्त सोडून बाकी प्रकाश अडवणारी काळी काच. या कॅमेऱ्याला खोली दिसत नाही, माणसं दिसत नाहीत. काळोखात दोन ठिपके तेवढे दिसतात. रिमोट डावीकडे वळवला की ठिपके उजवीकडे सरकतात, मनगट फिरवलं की ठिपक्यांना जोडणारी रेघ तिरपी होते, पुढे सरकलं की दोघांमधलं अंतर वाढतं. एवढ्यावरून रिमोटची दिशा कळते. मेणबत्तीची ज्योतही भरपूर अवरक्त प्रकाश देते, म्हणून कॅमेऱ्याला ती चालते.

हात फिरवून टेनिसचा फटका मारता यायचा तो रिमोटमधल्या दुसऱ्या भागामुळे, त्वरणमापकामुळे. सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. हात झटकला की तो किंचित मागे राहतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं आणि त्याबरोबर विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, बदलते. ती मोजली की झटका किती जोराचा होता ते समजतं. ही चिप काही वीसाठी जन्माला आली नव्हती. गाडीची टक्कर ओळखून एअरबॅग उघडायला असे त्वरणमापक १९९०च्या दशकापासूनच वापरात होते.

२००६ मध्ये प्रतिस्पर्धी कंपन्या प्रोसेसरच्या ताकदीवर लढत होत्या. वीला एचडी चित्रही दाखवता येत नव्हतं. तरी तिचे १० कोटी १६ लाख नग विकले गेले. मला यात नशिबापेक्षा जुनी सवय जास्त दिसते, आणि ती सवय एका माणसाची होती.

गुन्पेई योकोई १९६५ साली निन्टेंडोत लागले ते यंत्रांची देखभाल करायला. क्योतोतली ही कंपनी १८८९ पासून ‘हानाफुदा’ हे जपानी पत्ते बनवत होती आणि योकोईंकडे पत्ते छापणारी यंत्रं चालू ठेवायचं काम होतं. रिकाम्या वेळात त्यांनी लांबवता येणारा एक चिमटा बनवला. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या नजरेला तो पडला आणि १९६६ मध्ये तो खेळणं म्हणून बाजारात आला. त्याचे दहा लाखांहून अधिक नग खपले.

पुढे योकोईंनी आपल्या कामाच्या पद्धतीला एक नाव दिलं. त्या जपानी शब्दप्रयोगाचा शब्दशः अर्थ ‘वाळलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार’ असा होतो. पण जपानी अभियंते वाळलेलं म्हणतात ते आपल्या ‘मुरलेलं’ या अर्थाने. म्हणजे जे स्वस्त झालंय, ज्याच्या खोडी सगळ्यांना ठाऊक झाल्यात असं तंत्रज्ञान घ्यायचं आणि कुणाच्या डोक्यात आलं नसेल अशा जागी बसवायचं. १९७०च्या दशकात कॅल्क्युलेटर कंपन्यांच्या किंमतयुद्धात एलसीडी पडदे स्वस्त झाले होते. योकोईंनी ते उचलले आणि १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ हे खिशातले खेळ काढले. त्यांच्याच १९८२ च्या एका आवृत्तीसाठी अंगठ्याने दाबायचं अधिक चिन्हाच्या आकाराचं बटण तयार झालं. आजही बहुतेक कंट्रोलरवर त्याचा वंशज सापडतो.

या पद्धतीचं सगळ्यात देखणं फळ मात्र १९८९ चा ‘गेम बॉय’. कागदावर तो अगदीच दुबळा वाटतो: १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा पडदा, हिरवट छटेतले चारच टप्पे, आणि पडद्यामागे दिवा नाही. खेळायला खिडकीशी किंवा दिव्याखाली बसावं लागे आणि वेगाने पळणाऱ्या चित्रामागे पुसट सावली रेंगाळे. पुढच्याच वर्षी सेगा या प्रतिस्पर्धी कंपनीने ‘गेम गियर’ आणला, रंगीत आणि उजळ. पण त्या काळी पडदा उजळायचा तर मागे फ्लुरोसंट नळी लावावी लागे, आणि ती वीज पिऊन टाकायची. गेम गियरचे सहा सेल तीन ते पाच तासांत संपत. गेम बॉय चार सेलवर पंधरा तास आरामात चालायचा. लांबच्या प्रवासात पोराच्या हातात गेम गियर असेल तर वाटेतच तो गप्प होणार. शिवाय ‘टेट्रिस’सारख्या पडणाऱ्या ठोकळ्यांच्या खेळाला रंग लागतच नाहीत. गेम बॉय आणि त्याची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८६ लाख नग विकले गेले.

मग त्याच योकोईंच्या हातून ‘व्हर्च्युअल बॉय’ कसा घडला?

१९९५ साली आलेलं हे यंत्र मेजावर दोन पायांच्या स्टँडवर ठेवायचं आणि वाकून त्यात डोळे खुपसायचे. आतली करामत थक्क करणारी आहे. प्रत्येक डोळ्यासाठी पूर्ण पडदा नाहीच, २२४ लाल एलईडींची एकच उभी ओळ आहे. तिच्यासमोर एक आरसा सेकंदाला ५० वेळा डोलतो. आरसा डोलत असताना ओळीतले दिवे क्षणोक्षणी आपली लुकलुक बदलतात. डोळ्यावर उमटलेली प्रतिमा क्षणभर टिकून राहते, त्यामुळे एकाच ओळीतून अख्खं चित्र उभं राहतं. दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं मिळाली की मेंदू त्यातून खोलपणाचा भास तयार करतो.

लालच का? कारण तेव्हा लाल एलईडी स्वस्त होते, वीज कमी खात होते. रंगीत चित्रासाठी निळा हवा होता, आणि प्रखर निळा एलईडी शुजी नाकामुरा यांनी जपानमध्येच १९९३ च्या अखेरीस दाखवला होता. त्या कामासाठी इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो यांच्यासह त्यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण १९९५ मध्ये निळा एलईडी कोवळा आणि महाग होता. योकोईंच्या नियमाने पाहिलं तर लाल रंगाची निवड बरोबरच होती.

चुकलं ते दुसरीकडे. काळ्या पोकळीत तरंगणारी लाल चित्रं, वाकलेली मान, आणि डोळ्यांची ओढाताण. खरी वस्तू जवळ आली की दोन्ही बुबुळं आत वळतात आणि डोळ्याचं भिंग त्याच अंतरावर जुळतं. इथे बुबुळांना वस्तू जवळ आल्याचं भासत होतं, पण भिंगाचं अंतर जिथल्या तिथे. या विसंगतीने डोकं दुखतं आणि आजचे महागडे व्हीआर चष्मेही त्यातून पुरते सुटलेले नाहीत. कंपनीलाच सात वर्षांखालच्या मुलांनी हे वापरू नये असा इशारा द्यावा लागला. एक वर्ष उलटण्याआधी गाशा गुंडाळला गेला. विक्री सुमारे ७ लाख ७० हजार. योकोईंनी १९९६ मध्ये कंपनी सोडली आणि पुढच्याच वर्षी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. एवढ्या कल्पक माणसाच्या नावापुढे लोक आधी हे लाल यंत्र आठवतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्याच सुमारास कंपनीने आणखी एक चूक केली, आणि पैशांत मोजलं तर ती कितीतरी मोठी. निन्टेंडोसाठी सीडीचा जोड बनवायचं सोनीबरोबर ठरलं होतं. १९९१ च्या शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने त्याची घोषणा केली आणि दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने फिलिप्सशी हातमिळवणी जाहीर केली. सोनीने मग स्वतःचं ‘प्लेस्टेशन’ काढलं, १९९४ मध्ये. निन्टेंडोचं ‘एन ६४’ त्यानंतर दोन वर्षांनी आलं, तेही कार्ट्रिजवर, म्हणजे आतल्या चिपमध्ये खेळ साठवलेल्या डबीवर, अडून. कार्ट्रिजची बाजू अगदीच पोकळ नव्हती, त्यातून माहिती झटक्यात मिळते आणि सीडी फिरेपर्यंत वाट बघावी लागते. पण सर्वांत मोठं कार्ट्रिज ६४ मेगाबाइटचं, आणि एका सीडीत त्याच्या दसपट मावे, शिवाय ती छापायला अत्यंत स्वस्त. मोठे खेळ बनवणारे तिकडे गेले. एन ६४ चा आकडा ३ कोटी २९ लाखांवर थांबला, प्लेस्टेशन १० कोटींपलीकडे गेलं. मुरलेलं आणि शिळं यांतला फरक त्या वेळी क्योतोत ओळखला गेला नाही.

२०१२ च्या ‘वी यू’बद्दल फार लिहिण्यासारखं नाही. नावावरून अनेकांना तो जुन्या वीचाच एखादा जोड वाटला. पडदा खेळणाऱ्याच्या हातात होता, पण हिशेब करणारी चिप टीव्हीखालच्या डब्यात, त्यामुळे डब्यापासून दूर गेलं की हातातला पडदा कामातून जायचा. खप १ कोटी ३५ लाख. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी २०१४ मध्ये काही महिने स्वतःचा पगार अर्ध्यावर आणला. त्यांच्याच कारकिर्दीत चिप पडद्याच्या पाठीशी नेण्याचं काम सुरू झालं. त्यातून २०१७ चा ‘स्विच’ आला, तो पाहायला इवाता हयात नव्हते. त्यातली एनव्हिडियाची टेग्रा चिप दोन वर्षं आधीच बाजारात होती. स्विचने १५ कोटींचा टप्पा ओलांडला.

पण स्विचच्या ‘जॉय-कॉन’ या कंट्रोलरवरच्या, अंगठ्याने हलवायच्या काड्या बिघडल्या. काडी हलवली की आत धातूचा बारीक ब्रश कार्बनच्या पट्टीवर घासत सरकतो आणि त्यामुळे बदलणाऱ्या व्होल्टेजवरून काडीची जागा कळते. घासून पट्टी झिजते, धूळ बसते, आणि काडी मध्यावर असूनही यंत्राला ती कललेली वाटते. खेळातलं पात्र आपसूक चालू लागतं. २०२० मध्ये अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी भागधारकांसमोर याबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

न घासणारी काडी शक्य आहे. तिच्यात चुंबक असतो आणि काही अंतरावरचा संवेदक त्याच्या क्षेत्रातला बदल मोजतो. सेगाने १९९८ मध्ये ‘ड्रीमकास्ट’च्या कंट्रोलरमध्ये ती वापरली होती. तिच्यामागचं तत्त्व, हॉल परिणाम, १८७९ मध्ये सापडलं, म्हणजे निन्टेंडोच्या स्थापनेच्याही दहा वर्षं आधी. जून २०२५ मध्ये आलेल्या ‘स्विच २’ च्या काड्या नव्याने आखल्याचं कंपनीने सांगितलं, आणि त्या हॉल परिणामावर चालत नाहीत हेही.