ग्दान्स्कमधील पायी नगरदर्शन

पोलंडच्या उत्तरेला बाल्टिक समुद्राच्या आखातालगत असलेल्या ग्दान्स्क या जुन्या बंदराचा मध्यभाग पायी हिंडून पाहण्याची प्रथा. जर्मन भाषेत या शहराचे नाव डान्झिग. दुसऱ्या महायुद्धाविषयी वाचलेल्या मराठी वाचकाला ते बहुधा याच नावाने ठाऊक असते. शहर थेट समुद्रावर नाही. व्हिस्तुला नदीच्या मुखाजवळ, तिच्या एका जुन्या फाट्याला मिळणाऱ्या मोत्वावा या लहान नदीच्या काठी ते वाढले. पाहण्याजोगे बहुतेक सगळे या नदीच्या आसपास दीड-दोन किलोमीटरांत एकवटले आहे. मुख्य रस्ते पादचाऱ्यांसाठीच राखलेले असल्यामुळे गाडी असली तरी ती बाहेर ठेवूनच आत यावे लागते.

नावाचा एक घोळ आधी निस्तरायला हवा. पर्यटक ज्या भागाला सरसकट ‘ओल्ड टाउन’ म्हणतात तो खरे तर ग्वुव्हने म्यास्तो, म्हणजे ‘मुख्य शहर’. स्तारे म्यास्तो हे खरे ‘जुने शहर’ त्याच्या उत्तरेला आहे आणि तिकडे गर्दी फारच कमी असते. मध्ययुगात ही दोन वेगवेगळी नगरे होती, दोघांची नगरसभागृहेही निराळी. ती दोन्ही आजही उभी आहेत.

रस्त्यांची रचना
नकाशा उघडला की एक गोष्ट लगेच दिसते : मुख्य शहरातले मोठे रस्ते एकमेकांना समांतर आहेत आणि सगळे नदीकडे धावतात. प्रत्येक रस्ता संपतो तिथे तटबंदीत एक जलद्वार आणि द्वारापुढे धक्का, अशी ही योजना होती. माल जहाजातून उतरायचा आणि सरळ व्यापाऱ्याच्या दारात जायचा. रस्त्यांची नावेही व्यवहारातली आहेत. ख्लेब्नित्स्का हा पाववाल्यांचा रस्ता, तर पिव्ना हा बिअरचा. रस्त्याकडेच्या जागेला मोल फार, म्हणून घरे अरुंद तोंडाची, खोल आणि उंच बांधली गेली. हा आराखडा डोक्यात ठेवला तर वाट चुकण्याची भीती राहत नाही : नदीकडे चालत राहिले की धक्का येतोच.

ही श्रीमंती आली धान्यातून. शहराचा पहिला लेखी उल्लेख 997 सालचा. 1308 मध्ये ट्युटॉनिक सरदारांच्या, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या, संघाने ते घेतले. पुढे ते हान्सा या व्यापारी नगरांच्या संघात सामील झाले. 1454 मध्ये नागरिकांनी सरदारांविरुद्ध उठून पोलंडच्या राजाचा पक्ष धरला आणि त्याबदल्यात मोठे व्यापारी हक्क मिळवले. त्यानंतरची दोन शतके पोलंडचे धान्य व्हिस्तुलातून खाली यायचे आणि इथून ॲमस्टरडॅमला जायचे. परतीच्या जहाजांतून डच अभिरुची आली, आणि वास्तुकारही. त्यामुळे पोलंडच्या या शहरात उभे राहून हॉलंडात आल्यासारखे वाटले तर त्यात नवल नाही.

1945 नंतरचे शहर
1793 मध्ये प्रशिया या जर्मन राज्याने घेतलेले हे शहर 1920 ते 1939 या काळात राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली ‘मुक्त नगर’ होते. मार्च 1945 मध्ये सोव्हिएत फौजा आत शिरल्या तेव्हा ऐतिहासिक भागाचा सुमारे 90 टक्के हिस्सा नष्ट झाला. म्हणजे आज पाहणाऱ्याला जे सतराव्या शतकातले वाटते त्यातले पुष्कळसे 1950 च्या दशकातले आहे. ही फसवणूक नव्हे. पण हे माहीत नसेल तर इथली फेरी अर्धीच होते.

पुनर्बांधणीच्या वेळी अवशेष तसेच ठेवावेत की नवे शहर उभारावे, यावर वाद झाला. शेवटी मुख्य शहर कामगारांची वसाहत म्हणून बांधायचे, पण दर्शनी भाग जुन्या वळणाचे ठेवायचे, असे ठरले. तेही 1939 मधले शहर जसेच्या तसे नव्हे. एकोणिसाव्या शतकातली प्रशियन भर गाळून त्याआधीचा, पोलिश राजांच्या काळातला चेहरा निवडला गेला. कोणता भूतकाळ परत बांधायचा हा निर्णय राजकीय होता, आणि तो भिंतींवर वाचता येतो. द्वुगा रस्त्यावर दोन घरांचे मुखवटे अगदी निराळे दिसतात, आत मात्र जिना एकच असू शकतो. एखाद्या बोळातून मागे गेले की समोरची शोभा संपते आणि साधे फ्लॅट, वाळत घातलेले कपडे, झाडे आणि मुलांचे झोके दिसतात. पूर्वी या मागच्या जागेत इमारतींची दाटी होती. ती मुद्दामच पुन्हा बांधली नाही. ग्दान्स्कमध्ये पाहण्यासारखी सगळ्यात बोलकी जागा हे मागचे अंगणच म्हणावे लागेल, आणि मार्गदर्शकांच्या फेऱ्या तिथे क्वचितच वळतात.

माणसेही बदलली. जर्मन रहिवासी निघून गेले किंवा घालवले गेले. त्यांच्या जागी मध्य पोलंडमधले लोक आले, तसेच सोव्हिएत संघाकडे गेलेल्या पूर्व भागातले, विल्नो (आजचे विल्नियस) आणि ल्वुफ (आजचे ल्विव) इकडचे विस्थापितही आले. 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिलेले पोलिश निर्वासितही बहुतांशी त्याच पूर्व भागातून आधी सैबेरियाकडे हाकलले गेलेले होते.

राजमार्ग
पायी फेरीचा रूढ आरंभ मुख्य रेल्वे स्थानकापासून दहा मिनिटांवरच्या उंचवटा दरवाजापाशी (ब्रामा विझिन्ना) होतो. पोलंडचा राजा शहरात आला की याच वाटेने मिरवणूक निघायची, म्हणून हिला राजमार्ग म्हणतात. अंतर जेमतेम अर्धा किलोमीटर. दरवाजामागे कैदखान्याचा बुरूज आणि छळगृह आहे. स्वागताच्या वाटेवरच छळगृह ठेवण्यात नगरपित्यांना काही वावगे वाटले नसावे. पुढचा सोनेरी दरवाजा (1612–14) अब्राहाम व्हान देन ब्लोके याचा. त्यावरच्या लॅटिन ओळींचा आशय असा की एकीने लहान राज्ये वाढतात आणि दुहीने मोठी कोसळतात.

तिथून द्वुगा रस्ता लागतो. क्रमांक 12 चे उफागेन यांचे घर अठराव्या शतकातल्या श्रीमंत व्यापाऱ्याचे राहणीमान दाखवणारे संग्रहालय आहे. रस्त्याच्या शेवटी मुख्य शहराचे नगरसभागृह. त्याच्या 80 मीटरांहून उंच मनोऱ्याच्या टोकावर झिग्मुंट ऑगस्ट राजाचा सोनेरी मुलामा दिलेला पुतळा आहे. आतल्या लाल दालनाची चित्रे आणि कोरीव काम युद्धात आधीच काढून लपवले होते, म्हणून ते वाचले. छतावरचे इझाक व्हान देन ब्लोके याचे 1608 चे चित्र मान दुखेपर्यंत पाहावे असे आहे : वर नगरी, खाली व्हिस्तुलेतून समुद्राकडे निघालेला माल, आणि नगरीच्या शिखराला धरून ठेवणारा ढगातला ईश्वराचा हात. व्यापाऱ्यांनी स्वतःविषयी इतक्या मोकळेपणाने क्वचितच काही रंगवून घेतले असेल.

यापुढे रस्ता रुंदावतो आणि द्वुगी तार्ग, म्हणजे लांब बाजार, सुरू होतो. मधोमध नेपच्यून या रोमन समुद्रदेवाचे कारंजे आहे. त्याने रागाने त्रिशूळ पाण्यावर आपटला, तेव्हा लोकांनी टाकलेल्या नाण्यांचा सोन्याचा चुरा झाला आणि त्यातून गोल्डवासर हे सोन्याचे वर्ख तरंगणारे स्थानिक मद्य आले, अशी कथा सांगतात. मागच्या आर्टुस दरबारात व्यापारी जमत. तिथली दालन उबदार ठेवणारी सोळाव्या शतकातली शेगडी पाहणाऱ्याला शेगडी वाटतच नाही : सुमारे 11 मीटर उंच, पाचशेहून अधिक रंगीत फरश्यांची, जणू खोलीत उभा केलेला मनोरा. बाजाराच्या टोकाचा हिरवा दरवाजा राजाच्या मुक्कामासाठी बांधला खरा, पण आत इतका गारठा असे की राजे शेजारच्या घरांत उतरत.

धक्का आणि यारी
हिरव्या दरवाजातून बाहेर पडले की मोत्वावा. डावीकडे वळून धक्क्याने चालताना एकामागून एक जलद्वारे लागतात आणि मग झुराव, म्हणजे क्रौंच पक्षी. शहराचे चिन्ह ठरलेली ही लाकडी यारी, म्हणजे ओझी उचलणारे यंत्र (क्रेन). 1442–44 मध्ये बांधलेली ही इमारत एकाच वेळी तटाचा दरवाजा आणि बंदराची यारी होती. विटांचे दोन जाड बुरूज, मध्ये नदीवर झुकलेला काळपट लाकडी सोंडेसारखा भाग. आत माणसापेक्षा कितीतरी मोठी लाकडी चाके आहेत. मजूर चाकाच्या आत शिरून चालत राहायचे, चाक फिरायचे, आसावर दोर गुंडाळायचा आणि चार टनांपर्यंतचे ओझे वर जायचे. जहाजांच्या डोलकाठ्याही इथेच बसवल्या जात. चाकाच्या पोटात उभे राहून वर पाहिले की कळते : आत चालणाऱ्याला ना नदी दिसे ना ओझे, दिसे ती फक्त पुढची फळी. 1945 मध्ये लाकूड जळाले, बुरुजांचा भाग उरला. पुनर्बांधणीनंतर ही वास्तू राष्ट्रीय सागरी संग्रहालयाकडे आहे.

समोरच्या ओवोव्यान्का बेटाजवळ ‘सोवदेक’ ही युद्धानंतर पोलंडमध्ये बांधलेली पहिली मालवाहू बोट नांगरून ठेवली आहे. तिकडचा पादचारी पूल जहाजांसाठी उचलला जातो, तेव्हा काठावर थांबणे आलेच. शेजारचे धान्यकोठारांचे बेट मात्र मनात दुमत निर्माण करते. एके काळी इथे सुमारे तीनशे कोठारे होती. युद्धानंतर कित्येक दशके पडक्या भिंतीच राहिल्या. आता त्याच आकाराची, काच आणि पोलादाची हॉटेले व घरे उभी आहेत. नदीपलीकडून त्यांची रांग शोभते, आत शिरल्यावर कोणत्याही नव्या शहराच्या पाण्याकाठासारखे वाटते.

मारियात्स्का रस्ता
धक्क्यावरून मारियात्स्का जलद्वारातून आत शिरावे, उलट बाजूने नव्हे; म्हणजे रस्त्याच्या शेवटी चर्चचा विटांचा डोंगर एकदम समोर येतो. हा रस्ता लहान आहे, पण जुन्या ग्दान्स्कच्या घराचे खास अंग इथेच उत्तम दिसते. प्रत्येक घरापुढे चार-पाच पायऱ्यांचा दगडी ओटा, त्याला कोरीव कठडा, खाली तळघराचे दार. कोकणातल्या घराच्या ओटीसारखीच ही घर आणि रस्ता यांच्या मधली जागा : बसायला, बोलायला, आल्यागेल्यावर नजर ठेवायला. कठड्यांजवळ दगडी जनावरांची तोंडे आहेत, छपराचे पाणी त्यांतून बाहेर पडते. पोलिश भाषेत त्यांना ‘झिगाचे’, म्हणजे ओकणारे, म्हणतात. पाऊस आला की आडोशाला पळण्याऐवजी त्यांच्यासमोर थांबावे. नाव का पडले ते दिसते.

ओट्यांखालच्या तळघरांत तृणमण्याची (अंबरची) दुकाने आहेत. हा बाल्टिक किनाऱ्यावर सापडणारा, सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचा अश्मीभूत राळ. घासला की गवताची काडी ओढून घेतो, म्हणून संस्कृतात तृणमणी. खरा तृणमणी मिठाच्या दाट पाण्यात तरंगतो, काच बुडते.

रस्त्याच्या टोकाचे संत मेरीचे चर्च 1343 ते 1502 अशी दीडशेहून अधिक वर्षे बांधले जात होते. लांबी सुमारे 105 मीटर. विटांच्या चर्चमध्ये ते जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक गणले जाते. आतून पांढरे, उंच आणि जवळजवळ रिकामे. 1464 ते 1470 या काळात हान्स ड्युरिंगर याने केलेले खगोलीय घड्याळ इथे आहे. असे दुसरे घड्याळ त्याने करू नये म्हणून त्याचे डोळे काढले, अशी आख्यायिका ऐकवली जाते. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याच्या कथेची ती सख्खी बहीण, आणि पुरावा दोघींनाही नाही. मनोऱ्याला चारशेहून अधिक पायऱ्या आहेत. गुडघे साथ देत असतील तर चढावे, वरून नदीकडे धावणारे सगळे रस्ते एका नजरेत येतात. हान्स मेमलिंगच्या ‘अंतिम न्याय’ या चित्राची इथे प्रतिकृती आहे. मूळ चित्र इटलीला निघाले असताना 1473 मध्ये पाउल बेनेके या ग्दान्स्कच्या खलाशाने जहाजच लुटले आणि ते इथे आणले. मूळ चित्र आता दहा-पंधरा मिनिटांवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

जुने शहर आणि गोदी
उत्तरेला रादुन्या कालव्यावर ट्युटॉनिक सरदारांनी चौदाव्या शतकात बांधलेली मोठी गिरणी आहे. तिला 18 पाणचक्क्या होत्या. आता तिथे तृणमण्यांचे संग्रहालय भरले आहे. समोरच्या संत कॅथरीन चर्चमध्ये योहान हेवेलियस पुरलेला आहे. बिअर गाळणे हा त्याचा व्यवसाय आणि आकाश पाहणे हे व्यसन. त्याने आपल्या घरांच्या छपरांवर वेधशाळा उभारली आणि 1647 मध्ये चंद्राचे नकाशे प्रसिद्ध केले.

आणखी दहा मिनिटे चालले की शोभिवंत शहर संपते आणि गोदीचे दोन क्रमांकाचे फाटक येते. डिसेंबर 1970 मध्ये अन्नधान्याच्या दरवाढीविरुद्ध उठलेल्या कामगारांवर गोळीबार झाला. ऑगस्ट 1980 मध्ये आना वालेंतिनोविच या यारीचालक स्त्रीला कामावरून काढल्यावर संप पेटला आणि लेख वावेन्सा हा वीजतंत्री त्याचा नेता झाला. संपकऱ्यांच्या 21 मागण्या लाकडी फळ्यांवर लिहून याच फाटकावर टांगल्या होत्या. 31 ऑगस्टला करार झाला आणि त्यातून ‘सॉलिडॅरिटी’ ही कामगार संघटना उभी राहिली. फाटकासमोरचे 42 मीटर उंच तीन क्रूस 1970 च्या मृतांचे स्मारक आहेत. साम्यवादी राजवटीने स्वतःच मारलेल्यांचे स्मारक त्याच राजवटीत, डिसेंबर 1980 मध्ये उभे राहिले. शेजारचे गंजल्या रंगाच्या पोलादी पत्र्यांनी मढवलेले युरोपीय सॉलिडॅरिटी केंद्र 2014 मध्ये उघडले. त्यातले प्रदर्शन घाईत उरकण्यासारखे नाही; तीन तास हाताशी नसतील तर दुसऱ्या दिवशी यावे.

व्यावहारिक बाबी
रस्ते गोट्यांचे असल्याने पातळ तळव्यांच्या चपला आणि चाकांच्या बॅगा दोन्ही त्रास देतात. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो. डिसेंबरमध्ये साडेतीनच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा फेरी सकाळीच सुरू करावी. जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत 1260 पासूनची परंपरा सांगणारी संत डोमिनिकची जत्रा भरते आणि मुख्य शहरात पाय ठेवायला जागा उरत नाही. 1 सप्टेंबर 1939 रोजी जिथे जर्मन युद्धनौकेने पहिले तोफगोळे डागले ते वेस्टरप्लाटे पायी जाण्यासारखे नाही. तिकडे उन्हाळ्यात धक्क्यावरून बोटी सुटतात आणि जाताना गोदीच्या याऱ्या पाण्याच्या बाजूने दिसतात.