अदलाबदलीच्या नळीची रिमफायर रायफल (गोवा)

एकाच रिसीव्हरवर (बंदुकीचा यंत्रणा सामावणारा मधला सांगाडा) निरनिराळ्या बोअरच्या (नळीच्या आतील व्यासाच्या) नळ्या बसवता येतील अशा रचनेची हलकी रायफल. तिच्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या मध्यावरील टोपीत नसतो. तो बुडाच्या कडेच्या पोकळ घडीत भरलेला असतो आणि फायरिंग पिन (काडतूस पेटवणारा खिळा) त्या कडेवर आपटते. भारतात .२२ (इंच) बोअरची रिमफायर रायफल ‘पॉइंट टू-टू’ या नावाने परिचित आहे.

काडतुसाचा उगम बहुधा १८४५ च्या सुमारास फ्रान्समध्ये लुई-निकोला फ्लोबेर याने केलेल्या प्रयोगांत आहे. त्याच्या काडतुसात वेगळी दारू नव्हती, पेट घेणाऱ्या मसाल्याच्या जोरावरच गोळी सुटे. त्यातून अमेरिकेत १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनचे .२२ शॉर्ट आणि १८७१ मध्ये .२२ लाँग आले. आज सर्वत्र वापरात असलेल्या ‘.२२ लाँग रायफल’ या काडतुसाचे श्रेय सामान्यतः जे. स्टीव्हन्स कंपनीला देतात आणि त्यासाठी १८८७ हे वर्ष सांगतात. लाँगचेच कवच, पण २९ ऐवजी ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे लहान एकक) गोळी, अशी ही जोडणी होती. ती प्रथम कोणी तयार केली यावर मात्र मतभेद आहेत. पीटर्स कार्ट्रिज कंपनीने ती स्टीव्हन्ससाठी बनवली असे परंपरेने सांगतात, परंतु स्टीव्हन्सच्या १८८८ च्या सूचिपत्रात युनियन मेटॅलिक कंपनीच्या काडतुसाचा उल्लेख येतो. समकालीन छापील पुरावा म्हणून या उल्लेखाला अधिक वजन द्यावे लागते. विंचेस्टरचे .२२ मॅग्नम १९५९ मध्ये आले. त्याच्याच कवचाची मान आवळून २००२ मध्ये हॉर्नडीने .१७ एचएमआर काढले.

नळी बदलण्याची सारी सोय या वंशावळीवर अवलंबून आहे. .१७ एचएमआर आणि .२२ मॅग्नम यांचे बूड एकच असल्याने या दोहोंत नुसती नळी बदलली की काम भागते. बोल्ट (काडतूस मागून बंद करणारा सरकता दांडा) तोच राहतो आणि मॅगझिनही (काडतुसांची पेटी) तेच चालते. लाँग रायफलचे कवच मात्र आखूड व बारीक असते, त्यामुळे तेथे मॅगझिनही बदलावे लागते. चेक बनावटीच्या सीझेड ४५५ मध्ये दस्त्यातून ॲक्शन (रिसीव्हर व त्यातील यंत्रणा) बाहेर काढून रिसीव्हरच्या पुढच्या भागातील दोन स्क्रू ॲलन कीने (षट्कोनी किल्लीने) सैल केले की नळी पुढे ओढून निघते. रुगर १०/२२ (१९६४) मध्येही नळी दोन स्क्रूंवरच धरलेली असते, पण तेथे ती बदलतात ती बहुधा नेम सुधारण्यासाठी, बोअर बदलण्यासाठी नव्हे.

खरी अडचण हेडस्पेसची, म्हणजे बंद बोल्ट आणि नळी यांच्यामध्ये काडतुसाच्या कडेसाठी राहणाऱ्या जागेची. काडतूस आपल्या कडेवर टेकून चेंबरमध्ये (नळीतील काडतूस बसण्याच्या जागेत) थांबते. त्या कडेसाठी लाँग रायफलमध्ये सुमारे १.०९ मिमी, तर मॅग्नममध्ये सुमारे १.२७ मिमी जागा ठेवतात. नळी पूर्ण आत बसली नाही तर ही जागा वाढते, पिनचा आघात ढिला पडतो किंवा कवच कडेपाशी फाटते. लाँग रायफलचे काडतूस मॅग्नमच्या चेंबरमध्ये सहज शिरते, आणि धोका तेथेच आहे: सैल चेंबरमध्ये कवच फुगून चिरते व तप्त वायू मागे येतो. म्हणून काडतूस भरण्यापूर्वी नळीवर कोरलेले बोअरचे नाव वाचणे सक्तीचे मानावे. दुर्बीण रिसीव्हरवर बसवलेली असली तरी नळी बदलल्यावर नेम पुन्हा लावावाच लागतो.

गोव्यात मुक्तीनंतर भारताचा शस्त्र अधिनियम, १९५९ लागू झाला. त्याच्या व्याख्येत ‘शस्त्र’ या शब्दात शस्त्राचे भागही येतात. म्हणून सुटी नळी हे निव्वळ सुटे सामान ठरत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, क्रीडा नेमबाजांसाठी वेगळ्या सवलती आहेत. तीन नळ्या म्हणजे तीन रायफली, असा अर्थ काही जण लावतात. रिसीव्हर हे एक शस्त्र व प्रत्येक नळी परवान्यात नोंदवायचा भाग, हे वाचन कायद्याच्या शब्दांना अधिक जुळते. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाने सरावासाठी वापरलेल्या .२२ रायफलला या संख्यामर्यादेतून अधिनियमातच सूट दिलेली आहे. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये ग. वा. मावळंकर यांच्या पुढाकाराने स्थापन झाली. ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफलचे प्रकार लाँग रायफलवरच होतात, त्यामुळे निव्वळ स्पर्धक नेमबाजाला दुसऱ्या बोअरच्या नळीचा उपयोग नाही.

गोव्यापुरती आणखी एक अट महत्त्वाची आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्र परवाना देता येत नाही. म्हादई, मोले, नेत्रावळी, खोतीगाव अशी अभयारण्यांची रांग पूर्वेला असल्याने सत्तरीपासून काणकोणपर्यंतचा बराच मुलूख या टापूत येतो. चोडणचे सलीम अली पक्षी अभयारण्य जेमतेम पावणेदोन चौ. किमी आहे, पण त्याच्यामुळे पणजीसुद्धा या कक्षेत जाते. कुळागरांत (सुपारी-नारळाच्या बागांत) रानडुकरे व माकडे यांचा उपद्रव असलेल्या भागात पीकरक्षणासाठी प्रामुख्याने बारा बोअर आणि ठासणीच्या बंदुका आहेत. रिमफायर तेथे अयोग्यच: डुकराला ती अपुरी पडते, आणि चुकलेली गोळी दीड किलोमीटरपलीकडच्या वस्तीपर्यंत जाऊ शकते.

जून ते सप्टेंबर हवेत ओल आणि किनाऱ्यालगत खारेपणा असतो. रिसीव्हरमध्ये शिरणाऱ्या नळीच्या टोकावर, स्क्रू टेकतात त्या खाचांत, गंजाचे तांबूस ठिपके आधी दिसतात. तेथे ग्रीसचा पातळ हात असावा. कातडी म्यान ओल धरते, म्हणून सुटी नळी त्यात ठेवू नये. निवडणूक काळात परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, तेव्हा सुट्या नळ्याही रायफलीसोबत द्याव्यात आणि पावतीवर प्रत्येकीचा बोअर व क्रमांक लिहून घ्यावा.