रॅपन्झेलचे कपडे घट्ट का झाले? परीकथांच्या पेपरामागचा इतिहास

साहित्याच्या वर्गात परीकथांचा पेपर लागला की पहिले काही आठवडे मुलं निर्धास्त असतात. गोष्टी तर लहानपणापासून पाठ आहेत, वाचायचं काय त्यात? मग पहिली असाइनमेंट येते, 'ग्रिमच्या गोष्टींतली आई' असा काहीतरी विषय असतो, आणि अर्ध्या वर्गाच्या उत्तरात हेन्सेल-ग्रेटेलला जंगलात सोडायला लावणारी बाई सावत्र आई असते, तर उरलेल्यांच्या उत्तरात सख्खी. गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर असू शकतं. ग्रिम या जर्मन भावांच्या संग्रहाच्या १८१२च्या पहिल्या आवृत्तीत ती सख्खी आई आहे. १८४०च्या चौथ्या आवृत्तीत ग्रिमनी तिला सावत्र केलं. हिमगौरीच्या आईचं तर १८१९मध्येच तसं झालं होतं. जन्मदात्रीच पोरीच्या जिवावर उठते हे घरोघरी वाचल्या जाणाऱ्या पुस्तकात त्यांना नको होतं.

म्हणजे 'मूळ गोष्ट' नावाची एकच एक वस्तू आपल्या हातात नाही. ज्या आहेत त्या छापलेल्या प्रती, आणि प्रत्येकीवर साल आहे. या पेपरात मार्क जातात ते बहुतेक साल न बघितल्यामुळे.

छापील परीकथेचा युरोपातला प्रवास थोडक्यात असा. व्हेनिसमध्ये १५५०च्या दशकात स्त्रापारोलाचा संग्रह आला. नेपल्समध्ये जांबात्तिस्ता बाझिले याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६३४ ते १६३६ या काळात छापलं गेलं. ते नेपल्सच्या बोलीत आहे, रांगडं आणि शिवराळ आहे, आणि त्यातली सिंड्रेला पहिल्या सावत्र आईच्या मानेवर पेटीचं झाकण आपटून तिला ठार करते. मग १६९०च्या दशकात पॅरिसच्या उमरावी दिवाणखान्यांत या गोष्टींचं फॅड आलं. मादाम द'ओल्न्वा आणि तिच्याबरोबरच्या इतर लेखिका लांबलचक, नटव्या परीकथा लिहीत होत्या. १६९७मध्ये शार्ल पेरोचा आठ गद्य कथांचा छोटासा संग्रह निघाला. अर्पणपत्रिकेखाली नाव त्याच्या मुलाचं होतं आणि मुखचित्रावर सूत कातत गोष्ट सांगणारी म्हातारी. भोपळ्याची बग्घी, काचेची चपला, जादूची कांडी फिरवणारी धर्ममाता, हे सगळं या पुस्तकातलं. ग्रिमच्या सिंड्रेलात यातलं काहीच नाही. तिथे आईच्या थडग्यावरचं हेझलचं झाड आहे, पाखरं आहेत, आणि चपलेत पाय मावावा म्हणून टाच आणि अंगठा कापून घेणाऱ्या बहिणी आहेत. कॉलेजच्या उत्तरात 'ग्रिमची काचेची चपला' वाचली की मास्तरांची लाल शाई तिथेच सुरू होते.

पेरोची लाल टोपीवाली लांडग्याच्या पोटात जाते आणि गोष्ट संपते. शिकारी येत नाही, पोट फाडलं जात नाही. खाली पद्यात तात्पर्य दिलंय, की गोडबोल्या लांडग्यांपासून तरुण मुलींनी जपून राहावं. हे पुस्तक कोणासाठी होतं ते त्यावरूनच कळतं.

आता ग्रिमकडे थोडं थांबून बघायला हवं, कारण पेपरातला निम्मा अभ्यासक्रम तिथे असतो आणि गैरसमजही तिथेच सर्वांत जास्त. याकोब आणि विल्हेल्म या दोघा भावांनी गोष्टी जमवायला सुरुवात केली तेव्हा त्यांचं कासेल शहर फ्रेंच अमलाखाली होतं. नेपोलियनचा भाऊ जेरोम तिथे राजा होता आणि याकोब त्याच्याच ग्रंथालयात नोकरीला. जर्मन बोलणाऱ्यांचं स्वतःचं काय उरलंय ते गोळा करून ठेवावं, ही त्यामागची ओढ. पहिला खंड १८१२च्या डिसेंबरमध्ये निघाला, ८६ गोष्टींचा. दुसरा १८१५चा, ७० गोष्टींचा. पुस्तकाला पंडिती टिपा होत्या, चित्रं नव्हती.

दोघे भाऊ खेडोपाडी हिंडून शेतकऱ्यांच्या तोंडून गोष्टी टिपत, हे चित्र फार लोकप्रिय आहे आणि ते चुकीचं आहे. गोष्टी सांगणारी मंडळी बहुतेक त्यांच्या घरी येत. शेजारच्या औषधविक्रेत्या विल्ड कुटुंबातल्या मुली (त्यांतल्या डोर्टशेनशी विल्हेल्मने १८२५मध्ये लग्न केलं), हासनफ्लुग घराण्यातल्या शिकलेल्या बहिणी, वेस्टफालियातलं हाक्स्टहाउझन हे जमीनदार घराणं. हासनफ्लुग बहिणींच्या आईचं घराणं फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रोटेस्टंटांचं. त्यामुळे पेरोच्या गोष्टी त्या घरात माहीत असणं स्वाभाविकच. पहिल्या आवृत्तीत 'बूट घातलेलं मांजर' आणि 'निळ्या दाढीवाला' होते. ते फ्रेंच आहेत हे ध्यानात आल्यावर १८१९मध्ये काढून टाकले. लाल टोपीवाली मात्र राहिली. तिच्यात शिकारी आणि पोटात दगड भरण्याचा शेवट आहे, आणि दगडांचा तोच प्रकार त्याच पुस्तकात 'लांडगा आणि सात करडं' या गोष्टीतही सापडतो. डोरोथेआ फीमान ही गोष्टी सांगणारी बाई शिंप्याची बायको होती, शेतकरीण नव्हे, आणि तिच्याही पूर्वजांत फ्रेंच परागंदा होते. १८१९च्या आवृत्तीत तिचं चित्र छापलं, अस्सल हेस्सेची, म्हणजे कासेलभोवतीच्या प्रांतातली, शेतकरीण म्हणून. बाकीच्यांची नावं पुस्तकात आलीच नाहीत. बहुतेक ठिकाणी 'हेस्सेमधून' किंवा 'माइन नदीकाठच्या भागातून' एवढीच नोंद.

प्रत बदलली की गोष्ट कशी बदलते हे बघायला रॅपन्झेलसारखं उदाहरण नाही. संग्रहात तिचा क्रमांक १२. बाझिलेकडे हीच मुलगी पेत्रोसिनेला आहे: गरोदर आई राक्षशिणीच्या बागेतली अजमोदा चोरते, मूल द्यायचं कबूल करते, पुढे मुलगी मनोऱ्यात, राजपुत्र केसांवरून वर. तिथे ती राक्षशिणीचीच तीन मंतरलेली फळं घेऊन पळते, एकेक मागे टाकते, त्यातून कुत्रा, सिंह आणि लांडगा निघतात, आणि लांडगा राक्षशिणीला खाऊन टाकतो. १६९८च्या सुमारास मादमोआझेल द ला फोर्स या फ्रेंच लेखिकेने ही गोष्ट नव्याने लिहिली. राक्षशिणीची परी झाली, मुलगी गरोदर राहते, केस कापले जातात, राजपुत्र आंधळा होतो, जुळी मुलं होतात, आसवांनी दृष्टी परत येते. १७९०मध्ये फ्रीडरिश शुल्त्सने ती जर्मनमध्ये आणली आणि अजमोदेच्या जागी रापुन्त्सेल ही कोशिंबिरीची भाजी आली. ग्रिमना शुल्त्सचं पुस्तक माहीत होतं, टिपांत त्यांनी त्याचा उल्लेखही केला; पण त्याला ती लोकांच्या तोंडूनच मिळाली असणार, अशी त्यांची खात्री होती. थोडक्यात, जिला आपण जर्मन खेड्यातली समजतो ती मुलगी नेपल्सहून पॅरिसमार्गे, तीन पुस्तकांतून आलेली.

१८१२च्या प्रतीत मुलगी परीला भाबडेपणाने विचारते, की माझे कपडे घट्ट का होताहेत, अंगात का बसत नाहीत? परीला काय ते कळतं. मुलांच्या पुस्तकात हे असलं, म्हणून टीका झाली. पुढच्या आवृत्तीत विल्हेल्मने कपडे काढून टाकले आणि मुलीच्या तोंडी दुसरंच वाक्य घातलं; शेवटच्या, १८५७च्या प्रतीत ती म्हणते, तुम्हाला वर ओढायला राजपुत्रापेक्षा जड का जातं? परीची चेटकीण झाली. राजपुत्र लग्नाचं विचारतो आणि ती हो म्हणते, अशीही सोय केली. पण शेवटी रानात ती जुळ्यांसह सापडते, ते तसंच राहिलं! कारण पुसलं आणि परिणाम ठेवला. शिवाय हुशार म्हणून चेटकिणीपासून इतके दिवस लपवणारी पोरगी आता स्वतःहून सगळं बोलून टाकते, म्हणजे ती निष्पाप वाटण्याऐवजी मठ्ठ वाटते. संपादनाची शिवण इतकी उघडी क्वचितच दिसते, आणि एका चांगल्या निबंधाला एवढी एक शिवण पुरते.

१८१९ ते १८५७ या काळात बहुतेक डागडुजी विल्हेल्मची. लैंगिक सूचना कमी झाल्या, देवाधर्माचे उल्लेख वाढले, बोलण्यात म्हणी आल्या. क्रौर्य मात्र कमी झालं असं सरसकट म्हणता येत नाही. मुलं खाटीकखाना खेळतात ती भयंकर गोष्ट वगळली, पण सिंड्रेलाच्या बहिणींचे डोळे कबुतरांनी फोडण्याची शिक्षा १८१९मध्ये नव्याने घातली गेली. दुष्टाला शिक्षा म्हणून आलेलं क्रौर्य त्यांना खटकत नव्हतं. १८२५मध्ये निवडक ५० गोष्टींची छोटी, सचित्र आवृत्ती काढली, आणि खप वाढला तो तिच्यामुळे.

इंटरनेटवरून उतरवलेल्या मजकुरावर आवृत्ती, अनुवादक काहीच नसतं. अशा वेळी चार जागा तपासाव्यात. बेडूक राजपुत्राच्या गोष्टीत राजकन्या बेडकाला भिंतीवर आपटत असेल तर मजकूर ग्रिमच्या जवळचा आहे. तो तिच्या उशाशी तीन रात्री झोपून राजपुत्र होत असेल तर एडगर टेलरच्या १८२३च्या सौम्य केलेल्या इंग्रजी अनुवादाच्या वळणाचा. राजकन्या त्याचा मुका घेत असेल तर दोन्ही नाही. रॅपन्झेलचे कपडे घट्ट होत असतील तर प्रत १८१२ची. हेन्सेलची आई सख्खी की सावत्र, ते वर आलंच. चौथी जागा हिमगौरीची: १८५७मध्ये शवपेटी वाहणारे नोकर झुडपाला अडखळतात, हिसक्याने सफरचंदाचा तुकडा घशातून बाहेर पडतो आणि ती उठते. चुंबनाने उठत असेल तर तो १९३७चा डिस्नेचा सिनेमा. मार्गारेट हंट यांचा १८८४चा इंग्रजी अनुवाद सातव्या, म्हणजे १८५७च्या आवृत्तीवरून आहे आणि फुकट मिळतो. पहिल्या आवृत्तीसाठी जॅक झाइप्स यांचा २०१४चा अनुवाद वापरावा. संदर्भ देताना गोष्टीचा क्रमांक, आवृत्तीचं साल आणि अनुवादक, या तिन्ही गोष्टी हव्यातच. 'ग्रिम, परीकथा' एवढं लिहून भागत नाही.

याच कारणाने ब्रूनो बेटेलहाइमने १९७६मध्ये केलेलं परीकथांचं मनोविश्लेषण जपून वापरावं लागतं. एका विशिष्ट छापील प्रतीतले तपशील तो बालमनाच्या सनातन खुणा म्हणून वाचतो. इतिहासकार रॉबर्ट डार्नटनने १९८४मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं: ज्या लाल टोपीवर एवढं भाष्य होतं ती फ्रेंच खेडुतांनी सांगितलेल्या गोष्टीत नव्हतीच. वर्गात अजूनही बेटेलहाइमचं वाक्य डकवून उत्तरं लिहिली जातात. वाक्य चटकदार असतं हे खरं.

एकाच गोष्टीची देशोदेशीची रूपं जोडून वाचायची तर क्रमांकांची यादी लागते. फिनलंडच्या अँटी आर्नेने १९१०मध्ये ती सुरू केली, स्टिथ थॉम्पसनने १९२८ आणि १९६१मध्ये वाढवली, हान्स-यॉर्ग उथरने २००४मध्ये नवी केली. सिंड्रेला ५१०अ, हिमगौरी ७०९, रॅपन्झेल ३१०, लाल टोपीवाली ३३३. लेकीकडे जाऊन तूप-रोटी खाऊन जाडजूड होऊन येते, मग मला खा, असं वाघाला सांगणारी आपली भोपळ्यातली म्हातारीसुद्धा या यादीत १२२फच्या घरात बसते. क्रमांक हा पत्ता आहे, अर्थ नव्हे. तो लिहून 'म्हणून या दोन गोष्टी एकच' असं म्हणणं ही नेहमीची घसरण.

गोष्टी भारतातून पश्चिमेकडे गेल्या, असा सिद्धांत थिओडोर बेन्फाय याने १८५९च्या पंचतंत्राच्या जर्मन अनुवादात मांडला. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना तो अर्थातच फार आवडतो. आज तो सरसकट कुणी मानत नाही. काही गोष्टींचा प्रवास तसा दाखवता येतो, सगळ्यांचा नाही.

त्यापेक्षा उपयोगी धागा जवळचा आहे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची मुलगी मेरी हिने १८६८मध्ये लंडनहून दख्खनच्या गोष्टींचा इंग्रजी संग्रह छापला. गोष्टी सांगणारी होती आया, अ‍ॅना लिबेराटा डिसूझा. घराणं मूळचं लिंगायत, गोव्याजवळ येऊन ख्रिस्ती झालेलं. मेरीने गोष्ट ऐकताना टिपणं घेतली, मग लिहून काढली आणि अ‍ॅनाला परत वाचून दाखवली. पुस्तकाच्या सुरुवातीला अ‍ॅनाची स्वतःची हकीकत आहे, नावासकट. मालकीण-मोलकरणीचं नातं आणि इंग्रजी भाषा यांचा थर त्यावर आहेच, तरीही सांगणारीची एवढी माहिती ग्रिमच्या पुस्तकात मिळत नाही. त्यात सोडेवाबाईची गोष्ट आहे: तिची चपला डोंगरावरून खाली पडते, राजपुत्राला सापडते, दवंडी पिटली जाते. सिंड्रेलाशी तुलना करायची तर इथून सुरुवात करावी. मात्र सोडेवाबाईचा जीव गळ्यातल्या सोन्याच्या हारात आहे, आणि लग्नानंतरची सवत तो हार पळवते. लग्न हा गोष्टीचा मध्य आहे, शेवट नव्हे.

रशियन अभ्यासक व्लादिमीर प्रॉपची १९२८ची ३१ कार्यं, म्हणजे गोष्टीत ठरावीक क्रमाने येणाऱ्या घटना, मराठी सामग्रीला लावतानाही अशीच अडचण येते. त्याने ती शंभर रशियन अद्भुतकथांवरून काढली, तीसुद्धा आर्नेच्या यादीतल्या ३०० ते ७४९ एवढ्याच पट्ट्यातल्या. श्रावणातल्या कहाण्यांतही आटपाट नगर असतं, राजा असतो, आवडती-नावडती असते, म्हणून मुलं तक्ता आखून खानापूर्ती करायला बसतात. आठ-दहा खाने भरतात आणि मग अडतं, कारण कहाणीत संकट येतं ते बहुधा खलनायकामुळे नाही, तर घेतलेला वसा टाकल्यामुळे, आणि ते निवारतं तो वसा पुन्हा धरल्यावर. प्रॉपच्या तक्त्यात 'मनाई' आणि 'मनाई मोडणं' हे दोन खाने आहेत, त्यांत वसा बसवता येतो; पण मग गोष्टीचा गाभा त्या दोनच खान्यांत जातो आणि उरलेले बहुतेक कोरे राहतात. असा तक्ता आला तर ते खाने कोरेच ठेवून, कोरे का राहिले ते खाली लिहावं. ओढूनताणून भरलेला तक्ता परीक्षकाला लगेच ओळखू येतो.