हार्टनेल की एमिस? राणीच्या दोन ड्रेसमेकरांमधला फरक

राणी एलिझाबेथ दुसरीचा जुना फोटो कुठे दिसला की पोशाख हटकून नॉर्मन हार्टनेलच्या नावावर जातो. बऱ्याचदा तो हार्डी एमिसचा असतो. घोटाळा होणं साहजिक आहे. दोघेही लंडनचे, हार्टनेल ब्रूटन स्ट्रीटवर तर एमिस जवळच सॅव्हिल रोवर. युद्धकाळात दोघांनीही सरकारच्या 'युटिलिटी' योजनेसाठी काटकसरीचे कपडे आखले. पुढे दोघांनाही 'सर' किताब मिळाला.

फोटो बघताना मी एकच गोष्ट पाहते. नजर आधी कापडावरच्या भरतकामावर जाते, की कापड कसं बेतलंय त्यावर?

हार्टनेलचा (१९०१–१९७९) जीव भरतकामात होता. १९४७ मध्ये एलिझाबेथचं लग्न झालं तेव्हा ब्रिटनमध्ये कापडसुद्धा रेशनवर होतं. तरी त्या लग्नाच्या पोशाखावर दहा हजार बारीक मोती चढले. पण त्याचं खरं मोठं काम म्हणजे १९५३ चा राज्याभिषेकाचा पोशाख. त्यावर राष्ट्रकुलातल्या देशांची चिन्हं भरली होती: कॅनडाचं मेपलचं पान, न्यूझीलंडचं नेचं, पाकिस्तानचा गहू, कापूस आणि ताग. आपलं कमळही होतं. भारत तीन वर्षांपूर्वीच प्रजासत्ताक झाला होता, तरी राष्ट्रकुलात होता. वेल्ससाठी हार्टनेलला डॅफोडिलचं फूल हवं होतं, पण चिन्ह लीकचंच, म्हणजे कांद्याच्या पातीसारख्या भाजीचं, असं त्याला सांगण्यात आलं. त्या भाजीलाही त्याने रेशमाने आणि खड्यांनी देखणं केलं. एवढं ओझं पेलावं म्हणून घेराला आतून टाफेटाचं, म्हणजे ताठ रेशमी कापडाचं, अस्तर आणि घोड्याच्या केसांच्या ताठ कापडाचे तीन थर होते. डाव्या बाजूला, राणीचा हात टेकेल तिथे, चार पानांचा एक शॅमरॉक (आयर्लंडचं चिन्ह असलेलं, एरवी तीन पानांचं रोप) त्याने गुपचूप भरून घेतला. शुभशकुन म्हणून! मला हा माणूस आवडतो तो अशा गोष्टींमुळे.

एमिसचा (१९०९–२००३) पिंड वेगळा. तरुणपणी तो वजनकाटे विकणाऱ्या कंपनीत होता, आणि त्याच्या कपड्यांतही मला तोच काटेकोरपणा दिसतो. तो तयार झाला लाशास या टेलरिंगच्या पेढीत, ट्वीडच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या, सुटांवर. युद्धात त्याने ब्रिटनच्या गुप्त कारवाया करणाऱ्या संघटनेच्या बेल्जियम विभागाचं काम पाहिलं, आणि युद्ध संपल्यावर स्वतःचं दुकान थाटलं. १९५१ च्या कॅनडा दौऱ्यासाठी एलिझाबेथने त्याच्याकडून कपडे शिवून घेतले, आणि तिथून त्याचं राजघराण्याशी नातं जुळलं. खांदा नीट बसलेला, कंबर न आवळता दाखवलेली, वर चमचम नाही, असा दिवसा घालायचा कोट दिसला तर आधी एमिसचं नाव घ्यावं. पुरुषांच्या तयार कपड्यांतही त्याने मोठं काम केलं. हार्टनेलची तशी ओळख नाही.

ही खूण दरवेळी चालतेच असं नाही. एमिसनेही संध्याकाळचे भरतकाम केलेले पोशाख केले आहेत. १९६५ च्या पश्चिम जर्मनी दौऱ्यातला फिकट निळा पोशाख बघा.

सगळ्यात जास्त गल्लत होते ती १९७७ बद्दल. हार्टनेलला 'सर' किताब मिळाला तो त्याच वर्षी. त्यामुळे राणीच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवी प्रार्थनेला सेंट पॉल कॅथिड्रलमध्ये राणीने घातलेला गुलाबी पोशाखही त्याचाच असेल असं वाटतं. टोपीवर लोंबणारी २५ घंटाफुलं त्या समजुतीत भर घालतात. पण पोशाख एमिसचा. आदल्या वर्षी माँट्रियल ऑलिंपिकच्या उद्घाटनाला राणीने तोच घातला होता.