पॅरिश मॅगझिन

पॅरिश मॅगझिन : इंग्लंडच्या ग्रामीण भागात गावातील घडामोडी आणि येऊ घातलेले कार्यक्रम घरोघरी पोहोचवणारे, बहुधा मासिक स्वरूपाचे स्थानिक वार्तापत्र. ‘पॅरिश’ म्हणजे मुळात एका चर्चच्या धर्मगुरूकडे सोपवलेला प्रदेश, आणि या वार्तापत्राचा उगमही चर्चमध्येच झाला. आज मात्र त्यात उपासनेच्या वेळापत्रकापेक्षा अधिक जागा पॅरिश कौन्सिलच्या (गावाने निवडून दिलेल्या स्थानिक मंडळाच्या) बैठका, व्हिलेज हॉलमधले (गावच्या सामाईक सभागृहातले) कार्यक्रम, बागकाम मंडळाचे प्रदर्शन, बसच्या बदललेल्या वेळा आणि गवंडी-प्लंबरांच्या जाहिराती यांनी व्यापलेली असते. जिल्ह्याच्या वृत्तपत्राला ज्या बातमीसाठी दोन ओळी खर्च करणेही परवडत नाही, तीच बातमी इथे पहिल्या पानावर येते. काही शे उंबऱ्यांच्या गावात पुढच्या महिन्यात काय आहे, हे ठरवण्याचे आणि कळवण्याचे काम एकाच कागदावर होते, हे या प्रकाशनाचे खरे वैशिष्ट्य.

छापील वार्तापत्र येण्यापूर्वी गावाला खबर मिळण्याची जागा चर्च हीच होती. रविवारी सारे गाव एकत्र येई, त्यामुळे धार्मिक सूचनांबरोबर कर, सभा आणि इतर सरकारी बाबींच्या घोषणाही उपासनेच्या वेळी वाचल्या जात. १८३७ च्या कायद्याने ही प्रथा बंद केली आणि अशा सूचना लेखी किंवा छापील स्वरूपात चर्चच्या दाराशी लावाव्यात, असे ठरवले. आजही अनेक गावांत चर्चच्या देवडीतला सूचनाफलक दाटीवाटीने भरलेला दिसतो, त्यामागे हा जुना वहिवाटीचा धागा आहे. विवाहेच्छू जोडप्याची नावे तीन रविवारी जाहीरपणे वाचून कोणाची हरकत आहे का, असे विचारण्याची ‘बॅन्स’ नावाची रीत मात्र चर्चमध्ये टिकून राहिली. त्या अर्थाने ती गावातील सर्वांत जुन्या ‘आगामी कार्यक्रमां’पैकी एक म्हणता येईल.

आधुनिक पॅरिश मॅगझिनचे श्रेय सामान्यतः डर्बी येथील सेंट मायकेल चर्चचे धर्मगुरू जॉन अर्स्किन क्लार्क यांना दिले जाते. त्यांनी १८५९ मध्ये असे मासिक सुरू केले. त्यांची युक्ती साधी पण दूरदर्शी होती : कथा, बोधपर लेख आणि चित्रे असलेला मधला भाग एकाच ठिकाणी छापायचा, तो देशभरच्या चर्चना विकायचा आणि प्रत्येक चर्चने त्याभोवती आपल्या गावच्या बातम्यांची दोन-चार पाने जोडायची. स्वतंत्र मासिक काढणे ज्या खेड्याला कधीच झेपले नसते, त्यालाही यामुळे स्वतःच्या नावाचे मासिक मिळाले. चार्ल्स बुलक यांचे १८७१ पासून निघणारे ‘होम वर्ड्स’ हे अशा तयार पुरवणीचे ठळक उदाहरण होय. वाचकांची आवड मात्र लवकरच उलटी झाली. मधला बोधपर भाग चाळला जाई आणि बाहेरची गावची पाने वाचली जात. पुढे स्टेन्सिल कापून हाताने फिरवायची डुप्लिकेटर यंत्रे स्वस्त झाल्यावर बहुतेक गावांनी पुरवणी सोडून निव्वळ स्थानिक मजकुराचेच अंक काढायला सुरुवात केली.

गावच्या बातम्यांना चर्चबाहेरचे दुसरे केंद्र मिळाले ते १८९४ च्या स्थानिक शासन कायद्यामुळे. या कायद्याने ग्रामीण भागात निवडून आलेल्या पॅरिश कौन्सिल स्थापन झाल्या आणि गावचा मुलकी कारभार चर्चच्या सभेकडून, म्हणजे व्हेस्ट्रीकडून, काढून घेण्यात आला. तेव्हापासून ‘पॅरिश’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो : एक चर्चचा पॅरिश आणि दुसरा मुलकी पॅरिश. त्यांच्या सीमा जुळतीलच असे नाही. मराठी वाचकाला पॅरिश कौन्सिल म्हटले की ग्रामपंचायत आठवेल, पण हे साम्य मर्यादित आहे. शाळा, मोठे रस्ते आणि बांधकाम परवानगीचा निर्णय या गोष्टी वरच्या पातळीवरील संस्थांकडे असतात. पॅरिश कौन्सिलकडे राहतात ती खेळाची मैदाने, बाकडी, बसथांब्याचे छप्पर, दफनभूमी, भाजीपाल्यासाठी भाड्याने दिलेले जमिनीचे तुकडे यांसारखी कामे. त्यांचा खर्च ‘प्रीसेप्ट’ या नावाने कौन्सिल टॅक्स या घरांवरील स्थानिक करामधूनच वसूल होतो. बांधकामाच्या अर्जावर पॅरिश कौन्सिलला फक्त मत देता येते. तरीही बैठकीला सर्वाधिक गर्दी होते ती गावाबाहेरच्या कुरणात नवी घरे बांधण्याचा अर्ज आलेला असतो त्या संध्याकाळी.

वार्तापत्रातील सभांच्या सूचना नवख्या रहिवाशाला हमखास गोंधळात टाकतात, कारण वसंत ऋतूत एकापाठोपाठ तीन ‘वार्षिक सभा’ येतात. पहिली चर्चच्या सदस्यांची. दुसरी पॅरिश कौन्सिलची स्वतःची वार्षिक सभा, जी मे महिन्यात होते आणि जिथे अध्यक्षाची निवड हे पहिले काम असते. तिसरी ‘ॲन्युअल पॅरिश मीटिंग’, जी १ मार्च ते १ जून या काळात घ्यावी लागते आणि संध्याकाळी सहाच्या आधी सुरू करता येत नाही. दिवसभर कामावर असणाऱ्यांना येता यावे, हा त्यामागचा जुना हेतू. नावे जवळजवळ सारखी असली तरी फरक मूलभूत आहे : कौन्सिलच्या सभेत गावकरी केवळ श्रोते असतात आणि अध्यक्षाने वेळ दिला तर बोलतात, तर तिसरी सभा मतदारांचीच असल्यामुळे तिथे प्रत्येक मतदाराला बोलण्याचा आणि मत देण्याचा हक्क असतो. कौन्सिलच्या बैठकीची सूचना किमान तीन पूर्ण दिवस आधी ठळक जागी लावावी लागते. एखाद्या सदस्याची जागा मध्येच रिकामी झाली तर तीही सूचना फलकावर येते, आणि ठरावीक मुदतीत दहा मतदारांनी मागणी केली तरच निवडणूक होते, एरवी कौन्सिल स्वतःच कोणाची तरी निवड करते. लहान गावांत ही दहाची मागणी क्वचितच येते. ‘कौन्सिलला सदस्य हवा आहे’ असे आर्जव मात्र वार्तापत्रात वारंवार दिसते.

तिसरे केंद्र व्हिलेज हॉल. इंग्लंडमध्ये असे दहा हजारांच्या आसपास हॉल असून त्यांतले बरेचसे पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकांत, काही युद्धात मरण पावलेल्यांच्या स्मरणार्थ, उभे राहिले. हॉल सहसा धर्मादाय विश्वस्त संस्थेच्या मालकीचा असतो आणि स्वयंसेवकांची समिती तो चालवते. सकाळी छोट्यांचा खेळगट, दुपारी वयस्कांचे एकत्र जेवण, संध्याकाळी बॅडमिंटन किंवा पत्त्यांचा ‘व्हिस्ट ड्राइव्ह’ आणि महिन्यातून एकदा विमेन्स इन्स्टिट्यूटची सभा, असा त्याचा क्रम असतो. ही महिलांची संघटना मूळची कॅनडातली. तिथे १८९७ मध्ये सुरू झालेली ही चळवळ १९१५ मध्ये वेल्समधील अँगलसी बेटावर आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ससेक्समधील सिंगलटन येथे पोहोचली. युद्धकाळात अन्नोत्पादन वाढवणे हे तिचे आरंभीचे उद्दिष्ट होते. जॅम आणि केक यांच्याशी तिचे नाव जोडले गेले ते त्यामुळेच, जरी तिच्या सभांतील ठराव पुढे त्याहून कितीतरी गंभीर विषयांवर झाले.

उन्हाळ्यातील ‘फेट’, म्हणजे गावची एका दुपारची जत्रा, हा वार्तापत्रातील वर्षाचा मोठा कार्यक्रम. तिच्या जाहिरातीत एक वाक्य कधी चुकत नाही : पाऊस आल्यास कार्यक्रम व्हिलेज हॉलमध्ये होईल. लाकडी चेंडू मारून नारळ पाडण्याचा खेळ, जुन्या पुस्तकांचे टेबल, केकचे वजन ओळखण्याची पैज आणि टोंबोला यांशिवाय फेट होत नाही. टोंबोलात घडी घातलेली चिठ्ठी काढायची आणि अंक शून्य किंवा पाचने संपत असेल तर त्याच क्रमांकाची वस्तू घ्यायची. ती वस्तू पुष्कळदा मागच्या वर्षी दुसऱ्या कोणाला तरी लागलेली आणि त्याने परत दान केलेली साबणाची पेटी किंवा मसालेदार चटणीची बाटली असते. सारे हौसेचे असले तरी कायदा पाठ सोडत नाही. परवाना नसलेल्या मैदानात बिअर विकायची तर साधारणपणे किमान दहा कामकाजाचे दिवस आधी तात्पुरत्या कार्यक्रमाची सूचना द्यावी लागते, आणि तिच्यानुसार एका वेळी ४९९ पेक्षा अधिक लोक चालत नाहीत.

भाजीपाला आणि फुलांच्या प्रदर्शनाचे वेळापत्रक हा या साऱ्या मजकुरातला सर्वांत काटेकोर भाग. ‘तीन गाजरे, पाल्यासह’, ‘एका रोपाची पाच टोमॅटो’, ‘एक व्हिक्टोरिया स्पंज’ असे वर्ग पाडलेले असतात आणि परीक्षक त्यातले अक्षरन् अक्षर मोजतात. स्पंजच्या दोन थरांमध्ये रास्पबेरीचा जॅमच हवा, वर बारीक साखरेचीच भुरभुर हवी, आणि केक गार करायच्या जाळीचे वण वरच्या पृष्ठभागावर दिसले तर गुण गेले. तीनऐवजी चार गाजरे मांडली तर ती कितीही देखणी असोत, त्यांच्यासमोर ‘एन.ए.एस.’ अशी तीन अक्षरे लिहिलेले कार्ड ठेवले जाते. त्याचा अर्थ ‘वेळापत्रकाप्रमाणे नाही’. गावात वर्षभर आठवण काढली जाते ती पहिल्या बक्षिसापेक्षा या कार्डाचीच.

वर्षाचा उरलेला क्रम शेती, चर्च आणि स्मरण यांनी बांधलेला आहे. शरदातील सुगीची उपासना प्राचीन वाटते, पण तिचे आजचे रूप कॉर्नवॉलमधील मॉरवेनस्टो येथील धर्मगुरू रॉबर्ट स्टीफन हॉकर यांनी १८४३ मध्ये सुरू केलेल्या उत्सवापर्यंतच मागे जाते. ५ नोव्हेंबरला, १६०५ मध्ये संसद उडवण्याचा कट फसल्याच्या स्मरणार्थ, शेकोटी आणि फटाके. त्याच महिन्याच्या दुसऱ्या रविवारी युद्धस्मारकापाशी दोन मिनिटे स्तब्धता आणि दगडात कोरलेल्या नावांचे वाचन. काही गावांच्या तारखा जगात इतर कुठेच सापडत नाहीत. डर्बीशरमधील टिसिंग्टन येथे येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला ओल्या मातीवर फुलांच्या पाकळ्या दाबून केलेल्या चित्रांनी विहिरी सजवतात. स्टॅफर्डशरमधील ॲबट्स ब्रॉमली येथे सप्टेंबरमध्ये रेनडिअरची शिंगे घेऊन दिवसभर गावभर नाच चालतो. लिंकनशरमधील हॅक्सी येथे ६ जानेवारीच्या सुमारास चामड्याच्या नळकांडीसाठी गावातल्या पबांचे समर्थक एकमेकांना रेटत राहतात. अशा प्रसंगी बाहेरचे पाहुणे येतात आणि वार्तापत्रात गाड्या कुठे लावाव्यात याचे टिपण येते.

एकाच धर्मगुरूकडे पाच-सहा चर्च असणे आता सर्रास झाल्यामुळे बरीच वार्तापत्रे गावांच्या गटासाठी मिळून निघतात. कोणत्या रविवारी कोणत्या गावात उपासना, हा तक्ता म्हणूनच सर्वांत उपयुक्त पान ठरतो, आणि त्याखाली फुले सजवणे, झाडलोट, गवत कापणे यांच्या पाळ्या नावानिशी छापलेल्या असतात. बातमीची भाषा आभाराची असते. कॉफी मॉर्निंगला किती पैसे जमले, केक कोणी केले, भांडी कोणी घासली, सगळ्यांचे आभार. भांडणे छापली जात नाहीत. पण ‘कुत्र्यांच्या मालकांना पुन्हा एकदा विनंती’ या वाक्यातला ‘पुन्हा एकदा’ कोणासाठी आहे, हे गावाला बरोबर कळते. छपाईचा खर्च जाहिरातींवर निघतो आणि वाटपाचे काम स्वयंसेवक आपापल्या गल्लीत पायी फिरून करतात. संपादकाला मानधन क्वचितच असते. त्याने पद सोडले आणि दुसरे कोणी पुढे आले नाही, की कित्येक दशके चाललेले वार्तापत्रही बंद पडते.

गेल्या काही दशकांत दुकान, पोस्ट ऑफिस आणि पब बंद होत गेल्याने बातम्यांचा पोतही बदलला. गावकऱ्यांनी भाग विकत घेऊन चालवलेले दुकान किंवा पब, त्यासाठीची सभा, स्वयंसेवकांच्या पाळ्या, हे आता नेहमीचे विषय आहेत. वापरात नसलेली लाल टेलिफोन पेटी दूरध्वनी कंपनीकडून एका पौंडाला घेऊन तीत हृदयाला विजेचा झटका देणारे उपकरण किंवा पुस्तकांची अदलाबदल ठेवणारी गावे पुष्कळ आहेत. गॅसची वाहिनी न पोहोचलेल्या गावांत घर तापवण्याचे तेल सगळ्यांनी मिळून मागवायचे असते; त्या मागणीची शेवटची तारीख हुकली तर पुढच्या फेरीपर्यंत थांबावे लागते, म्हणून हिवाळ्यातील अंकात ती तारीख ठळक अक्षरांत येते.

बऱ्याच गावांनी अंक संगणकावरही उपलब्ध केला असून, छोट्या पॅरिश कौन्सिलांनी आपले हिशेब आणि इतिवृत्ते संकेतस्थळावर ठेवावीत, अशी सक्ती २०१५ पासून आहे. करोनाकाळात बैठका दूरस्थ पद्धतीने घेण्याची मुभा होती, ती मे २०२१ मध्ये संपली. चेशरमधील हँडफोर्थच्या कौन्सिलची डिसेंबर २०२० मधील अशीच एक वादळी बैठक दोन महिन्यांनी चित्रफितीच्या रूपाने देशभर पाहिली गेली, आणि एरवी तीन-चार श्रोत्यांपुढे चालणारा हा कारभार अनेकांनी प्रथमच पाहिला. छापील अंक मात्र टिकून आहे, कारण ज्यांना बसच्या वेळा आणि दवाखान्याच्या सूचना सर्वाधिक लागतात, त्यांतले पुष्कळ वयस्क वाचक पडद्यापेक्षा कागदावर विसंबतात.

जुने अंक जिल्हा अभिलेखागारांत जपलेले आढळतात आणि स्थानिक इतिहासकार ते बारकाईने वाचतात. पहिल्या महायुद्धाच्या काळातील अंकांत सैन्यात दाखल झालेल्या गावकऱ्यांच्या याद्या आणि आघाडीवरून आलेली पत्रे सापडतात. छपाईचा खर्च भागवण्यासाठी तेव्हा मागच्या पानावर घेतलेल्या जाहिराती तर आणखी बोलक्या आहेत : आज एकही दुकान नसलेल्या गावात त्या काळी पाववाला, लोहार, खोगीर शिवणारा आणि शिंपी कोणत्या गल्लीत बसत, हे त्यांवरून कळते.