नाईट ड्युटी आणि मे महिन्याची दुपार

बहुतेक सरकारी रुग्णालयांत सिस्टरांच्या मॉर्निंग आणि इव्हिनिंग ड्युट्या साधारण सहा-सहा तासांच्या असतात, नाईट मात्र रात्री आठ ते सकाळी आठ. त्यामुळे बोलणं निघालं की जागरणाचंच निघतं. पण शरीरशास्त्र बोट ठेवतं ते नंतरच्या झोपेवर. आणि विदर्भात, मे महिन्यात, खरी परीक्षा तिथेच असते.

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे वीस हजार पेशींचा पुंजका आहे; हेच शरीराचं घड्याळ. त्याचं चक्र चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असतं. रोजचा उजेड ते जुळवून घेतो. पेशीच्या आत हे चक्र कसं फिरतं, हे फळमाशीवर उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. याच चक्राच्या हुकमाने आपलं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास तळाला जातं आणि संध्याकाळी माथ्यावर पोचतं. सावधपणा आणि हिशेब साधारण त्याच्याच मागे चालतात.

गंमत म्हणजे नैसर्गिक कळांनी होणारी बाळंतपणंही रात्री आणि पहाटेच जास्त होतात. आता समजा, पहाटे चारला झटके आलेली गरोदर बाई तालुक्याच्या रुग्णालयात आली. झटके थांबवणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस शिरेतून द्यायचा: ५० टक्क्यांच्या द्रावणाचे दोन-दोन मिलिलिटरचे चार अँप्युल, त्यात १२ मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे २० मिलिलिटरमध्ये चार ग्रॅम, तेही सावकाश. दुपारी हे सिस्टर बोलता बोलता भरतील. पहाटे मात्र लेबल दोनदा वाचावं लागतं, आणि ते वाचायला दुसरी सिस्टर असेलच असं नाही.

सकाळी ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला रुग्ण सोपवून, बाहेर पडलं की डोळ्यांवर लख्ख ऊन येतं आणि मेंदूतलं घड्याळ ‘दिवस उगवला’ असं धरून चालतं. आपल्याकडे स्कूटीवर ओढणी गुंडाळून काळा गॉगल लावायची पद्धत आहे, ती इथे नकळत कामाला येते. पुढची अडचण उष्णतेची. झोप लागताना हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता बाहेर जाते आणि शरीर थोडं थंड होतं. दिवसा घड्याळ तापमान चढवत असतं, म्हणून दिवसाची झोप तशीही तुटकी. त्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४५ च्या पुढे गेला, की ही उष्णता जाणार कुठे? गाढ झोप आणि स्वप्नांची झोप, दोन्ही उकाड्यात आखडतात.

कूलर इथे खरोखर उपयोगी. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, आणि मे महिन्याच्या कोरड्या हवेत ती वाफ झपाट्याने होते. जुलैत हवा दमट झाली की तोच कूलर नुसता ओलावा फेकतो. लाईट गेली तर दोन्ही ऋतूंत सारखंच. आणि क्वार्टरचं दार वाजतं ते वेगळं: ‘सिस्टर, आईचा बीपी पाहून देता का?’

ड्युटी चार्टबद्दल माझं मत सरळ आहे. घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं. म्हणजे सलग सहा-सात नाईटमध्ये ते अर्ध्यावर पोचतं, तोवर झोपेची उधारी साचलेली असते, आणि नाईट ऑफला घरच्यांसोबत पुन्हा जुन्या वेळेवर यावं लागतं. दोन-तीन नाईट आणि मग सुट्टी हे बरं. पाळ्या मॉर्निंग, इव्हिनिंग, नाईट अशा पुढच्या क्रमाने फिरवल्या तर शरीराला सोपं जातं, कारण मुळात ते उशिराकडेच झुकतं. मोजक्या सिस्टर असलेल्या तीस खाटांच्या रुग्णालयात हे बसवणं अवघड आहे, मान्य. पण क्रम सुधारायला जादा माणूस लागत नाही.

पहिली नाईट सर्वांत धोक्याची. सकाळी सातला उठून दुपारी न झोपता ड्युटीवर आलेली सिस्टर मध्यरात्रीच सतरा तास जागी असते. १९९७ च्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात इतक्या जागरणानंतर हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखा घसरला होता. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी आठला तर तिला जागून पंचवीस तास झालेले असतात, आणि त्यानंतर तिला गाडी काढायची असते. दुपारी दीड तास झोपून ड्युटीवर येणं आणि निघण्यापूर्वी रुग्णालयातच एखादी डुलकी काढणं, एवढं तरी जमायला हवं. त्यासाठी पंखा चालू असलेली अंधारी खोली पुरते; बऱ्याच ठिकाणी ती स्टोअररूम झालेली असते.